सूचना : ओसा बोटींचं रंगकाम

सभासदांनो, ४ डिसेंबरच्या नौदल दिनाला मॉडेल मांडायची असतील तर रंगकाम आता आवरतं घ्या. वार्निशला दोन दिवस तरी लागतात, ऐनवेळची धावपळ नको.

1971 मध्ये कराचीवर गेलेल्या निपात, निर्घात आणि वीर या ओसा-1 या सोव्हिएत वर्गाच्या क्षेपणास्त्र बोटी. त्यांची क्षेपणास्त्रांची चार कोठारं चौकोनी खोक्यांसारखी होती. गोल नळकांडी ओसा-2 ची. नेटवरचा फोटो बघून डोळे झाकून काम करू नका, आधी वर्ग तपासा. खरी बोट साधारण 38.6 मीटरची, म्हणजे 1/72 प्रमाणातल्या मॉडेलमध्ये 54 सेंमीच्या आत. स्टँड त्या मापाने बनवा.

पाणरेषेवर मास्किंग टेप लावल्यावर कडेवरून नख फिरवा आणि आधी वरचाच रंग हलका मारा. मग खालचा लाल झिरपत नाही. डेकल (आकडे-चिन्हांचे चिकटवायचे पातळ छाप) चकचकीत थरावरच, मॅट वार्निश सगळ्यात शेवटी. मॅटवर लावलेल्या डेकलखाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात, ते फार वाईट दिसतं. केबिनच्या काचांना फेविक्विक नको, धुरकट होतात. पांढरा फेविकॉल बरा.

दमट दिवशी लॅकर फवारू नका, रंग पांढुरका पडतो. रेलिंग सगळ्यात शेवटी लावा. बोट हातात घेताना पहिलं तेच मोडतं.