शकुंतलेच्या रुळांवर डांबर पडलं. आता तरी खरं सांगा, मंत्रिमहोदय

प्रति,
माननीय केंद्रीय रेल्वेमंत्री,
रेल भवन, नवी दिल्ली

विषय : मूर्तिजापूर–यवतमाळ आणि मूर्तिजापूर–अचलपूर नॅरोगेज लाइनचं नेमकं काय करणार आहात, याबाबत.

महोदय,

सादर नमस्कार. गेल्या पंधरवड्यात आमच्या गावाजवळच्या रेल्वे फाटकावर रस्त्याचं काम झालं. ठेकेदाराच्या माणसांनी रुळांवरच गिट्टी पसरली, डांबर ओतलं, रोलर फिरवला. रेल्वेची परवानगी घेतली का, असं मी विचारलं. रोलरवाला म्हणाला, "काका, गाडी येनार हाय का इथून?" मला काही उत्तर देता आलं नाही. ते तुमच्या खात्याने द्यावं, म्हणून हे पत्र.

आपल्याला वंदे भारतच्या झेंड्यांमधून सवड मिळत नसेल, तेव्हा लाइन कोणती ते आधी सांगतो. मूर्तिजापूर जंक्शनवरून एक फाटा कारंजा, दारव्हा करत यवतमाळला येतो, ११३ किलोमीटर. दुसरा दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूरला जातो, ७६ किलोमीटर. अडीच फुटी रूळ. लोक तिला शकुंतला म्हणतात. तिच्याच कंपनीचा पुलगाव–आर्वी हा ३५ किलोमीटरचा तिसरा तुकडाही होता. दारव्ह्याहून एक फाटा थेट पुसदपर्यंत जायचा, तो तर कधीच उखडला गेला. पुसदच्या आजच्या पोराला सांगून पाहा तुमच्याकडे रेल्वे होती म्हणून, हसेल.

किलिक निक्सन या इंग्रज व्यापारी कंपनीने सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे सगळं चालवलं, ते आमच्या आजोबांच्या प्रवासाची सोय बघून नाही. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला आणायचा, तिथून मुंबईच्या गोदीत, तिथून मँचेस्टरला. कमाई मालाची होती, माणसं जोडीला. माझे आजोबा कापसाची बंडी घेऊन दारव्ह्याच्या जिनात जायचे. सरकी निघायची, रुईच्या गाठी बांधल्या जायच्या आणि त्या स्टेशनात डब्यात चढायच्या. लुटारू होते साहेब, पण माल कुठून उचलायचा हे त्यांना कळत होतं.

तुमच्या खात्यातही ही गोष्ट 'भारतातली शेवटची ब्रिटिश रेल्वे' म्हणूनच सांगितली जात असेल. पेपरवाल्यांना दर दोन-तीन वर्षांनी तिचा उमाळा येतो. अहो, किलिक निक्सन कधीच भारतीय हातात आली. लंडनच्या कुणा गोऱ्याला दोष देऊन हात झटकता येणार नाहीत. सरकार आणि कंपनीतला करार १९१३ चा. गाड्या आधी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) चालवायची, पन्नासच्या दशकापासून मध्य रेल्वे. जीआयपी सरकारची झाली, पण ही लाइन कंपनीकडेच राहिली. दर दहा वर्षांनी ती विकत घ्यायची मुभा सरकारला होती आणि दर दहा वर्षांनी सरकारने ती घेतली नाही. कंपनीला वर्षाला सव्वा कोटी रॉयल्टी जाते, असं पेपरात यायचं. खरी किती गेली, किती थकली, रुळांच्या डागडुजीवर किती खर्च झाला, हे तुमच्या फायलींतच असणार. तिकडे बार्शी लाइट रेल्वेचे रूळही अडीच फुटीच. ती सरकारने १९५४ मध्ये विकत घेतली, आणि आज कुर्डुवाडी–लातूरला मोठी गाडी धावते. म्हणजे करता येतं. बार्शीचं झालं, वऱ्हाडचं राहिलं, आणि का राहिलं याचा जाब आजवर कुणी दिलेला नाही.

मालवाहतूक मेली, ती लोकांनी पाठ फिरवली म्हणून नाही. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ च्या एप्रिलपर्यंत या रुळांवर चालवलं तुम्ही. त्यानंतर डिझेल आलं, पण रूळ तेच. अचलपूरचे ७६ किलोमीटर जायला चार-चार तास. गार्डच तिकीट फाडणार, फाटकापाशी गाडी थांबवून माणूस उतरणार, फाटक लावणार, गाडी पुढे गेली की पुन्हा उघडून चढणार. यावर लोक कौतुकाने व्हिडिओ करतात. मूर्तिजापूरला मात्र प्रत्येक गाठ छोट्या डब्यातून उतरवून मोठ्या डब्यात चढवायची, हमाली दोनदा. पुढे रेल्वेनेच धोरण बदललं. सुट्या डब्यांचं बुकिंग कमी करत नेलं, आख्खी रॅक, म्हणजे पूर्ण मालगाडी, भरून द्या म्हणाले. दारव्ह्याचा जिनवाला आख्खी रॅक कुठून भरणार? तो ट्रकवाल्याकडे गेला. मग तुम्हीच लिहिलंत, या मार्गावर माल नाही.

आता २०१६ कडे येतो. तेव्हा सुरेश प्रभू रेल्वेमंत्री होते. या लाइनचं ब्रॉडगेज करायचं ठरलं, साधारण १५०० कोटींचा आकडा जाहीर झाला. आमच्याकडे पेढे वाटले गेले. मीही खाल्ला. रुंदीकरण होणार म्हणून गाड्या बंद झाल्या, तेही आम्ही समजून घेतलं. नवीन घर बांधायचं तर जुनं पाडावंच लागतं. पाडणारे वेळेवर आले, बांधणाऱ्यांचा पत्ता नाही. मागे एका कार्यालयात लेखी विचारलं, तर उत्तर आलं : 'सर्वेक्षण प्रगतीपथावर.' रुळाला बाभळी फुटल्या आहेत, त्यांचीच तेवढी प्रगती आहे.

माझं काय जातं म्हणाल. सांगतो. मी कापूस पिकवतो, कोरडवाहू. वेचणी झाली की कापूस घरात येतो, कारण खरेदी केंद्र कधी उघडेल आणि ओलाव्याचा काटा काय दाखवेल याचा भरवसा नाही. घरात कापूस म्हणजे अंगभर खाज. लेकरं रात्ररात्र खाजवतात, म्हातारीच्या अंगावर चट्टे येतात. शेवटी कंटाळून व्यापाऱ्याकडे जायचं. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला लांब धाग्याला ८,११०, मध्यम धाग्याला ७,७१०. व्यापारी त्याच्या खालीच बोलतो. का रे बाबा? "भाऊ, गाडीभाडं कोन भरन?" माझ्या रुईच्या गाठी कोइमतूरकडच्या गिरण्यांना जाणार, त्यांचं ट्रकचं भाडं निघणार माझ्याच बोंडातून. युरियाचंही तेच. रॅक लागणार धामणगावला, नाहीतर अकोल्याला. तिथून ट्रकने यायचा आणि तो वरखर्च कोणत्या ना कोणत्या रूपाने आमच्याच बोकांडी बसायचा. यंदा बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं. ते रेल्वेमुळे, असं मी म्हणत नाही. पण भाव पाडून सांगताना व्यापाऱ्याने भाड्याचंच नाव घेतलं होतं, ते विसरता येत नाही.

पैसा नाही, असं मात्र सांगू नका. बुलेट ट्रेन ५०८ किलोमीटर, खर्चाचा मूळ अंदाजच १ लाख ८ हजार कोटी. म्हणजे किलोमीटरला दोनशे कोटींच्या वर. आमचे १५०० कोटी म्हणजे तिची सात किलोमीटर, साबरमतीकडून मोजा नाहीतर वांद्र्याकडून. आता आमचा खर्च वाढला असेल, दुप्पट धरा, चौदा किलोमीटर. समृद्धी महामार्ग कारंजाजवळून गेला, ७०१ किलोमीटर, पंचावन्न हजार कोटी. तो आम्हाला दिसतो. त्यावरून मुंबईच्या गाड्या आमच्या शेताकडे न बघता जातात.

आणि कापसाचं काय चाललंय? ऑगस्ट २०२५ मध्ये आयात कापसावरचं ११ टक्के शुल्क माफ झालं, पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवलं, नेमका आमचा माल बाजारात यायच्या वेळी. ते खातं तुमचं नाही, ठाऊक आहे. या देशात कोणतंच खातं कुणाचंच नसतं. शुल्क अर्थखात्याचं, खरेदी वस्त्रोद्योगाची, रूळ कंपनीचे, गाडी रेल्वेची, फाटकावरचं डांबर बांधकामवाल्यांचं. कर्ज तेवढं शेतकऱ्याचं, त्यात कुणी वाटा मागत नाही. परदेशातला कापूस तेव्हा बिनशुल्क बंदरात उतरला आणि यवतमाळचा कापूस घरात लेकरांना खाज देत पडला. २००६ मध्ये पंतप्रधान स्वतः आले होते, ३,७५० कोटींचं पॅकेज देऊन गेले. त्यात कापूस बाहेर काढायची वाट होती का, कुणी तपासलं? वर्धा–यवतमाळ–नांदेड लाइनचं नाव पुढे कराल. तिचा कळंबपर्यंतचा तुकडा २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाला, चांगलं झालं. पण दारव्ह्याच्या नशिबी ती येईलही, कारंजा आणि दर्यापूरला तिचा काय उपयोग?

मागण्या थोड्याच आहेत. ही लाइन आज कायद्याने कुणाची, ते लेखी जाहीर करा. ब्रॉडगेज करणार असाल तर तारीख द्या, करणार नसाल तर तेही छापा, आम्ही रडून मोकळे होऊ. केलंत तर नुसती पॅसेंजर फिरवून फोटो काढू नका. दारव्हा, कारंजा आणि अंजनगावला मालधक्का ठेवा, पाच-दहा डब्यांचंही बुकिंग घ्या. तोवर जमीन राखा, नाहीतर रूळ चोरीला जातील आणि जागेवर मंगल कार्यालयं उभी राहतील. हेरिटेज टॉय ट्रेनचा प्रस्ताव कुणी आणला तर कृपया त्याला इथे पाठवा, वेचणीच्या दिवसांत, घरात कापूस असताना.

पत्राची प्रत आमच्या भागातून निवडणूक लढवलेल्या सगळ्याच पक्षांच्या उमेदवारांना पाठवतो आहे, जिंकलेल्या आणि पडलेल्याही. प्रत्येकाच्या भाषणात शकुंतला होती, तेव्हा विषय समजावून सांगायची गरज पडणार नाही.

आपला,
दारव्हा तालुक्यातला एक कापूस उत्पादक