फॉर्म भरायच्या आधी पोरांना एकदा प्रोग्राम लिहून बघू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी तुमच्या पेपरसोबत ॲडमिशनची पुरवणी येते आणि ती घडी घालून, पेनाने कॉलेजच्या नावाला गोल करून माझ्या टेबलावर पण येते. अहमदपूरला बसस्टँडजवळ माझं ऑनलाइन फॉर्मचं सेंटर आहे. झेरॉक्स, उत्पन्नाचे दाखले, पीक विमा, आणि पावसाळा लागला की इंजिनिअरिंगचे कॅप राउंड, म्हणजे सरकारी ॲडमिशनच्या फेऱ्या. मी स्वतः बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स केलंय, काही वर्षं पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी केली, लग्नानंतर इकडं आले. त्यामुळं पोरगं कॉलेजचे पर्याय भरतं तेव्हाही मी समोर असते आणि चार वर्षांनी तेच पोरगं बायोडाटा टाईप करायला येतं तेव्हाही मीच असते. त्यातून जे दिसतंय ते लिहिते, पत्र लांबलं तरी छापा ही विनंती.

आमच्याकडं पोराने कॉम्प्युटरची डिग्री घ्यायची हे ठरतं तेव्हा त्या पोराने आयुष्यात एक ओळीचा सुद्धा प्रोग्राम लिहिलेला नसतो. अकरावी-बारावीला बायफोकल विषय म्हणून कॉम्प्युटर सायन्स घेतलेली थोडी पोरं सोडली तर बाकी सगळ्यांचं हेच. दोन वर्षं लातूरला खोली करून राहिलेले, फिजिक्सचे न्यूमरिकल धडाधड सोडवणारे, सीईटीला नव्वदच्या वर पर्सेंटाइल घेणारे पोरं, हुशारीत कुठंच कमी नाहीत, पण ज्या कामात पुढची तीस-पस्तीस वर्षं घालवायची ते काम असतं कसं हे त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं. वडील म्हणतात, "ताई, पहिल्या नंबरला एआयवालंच टाका, साडूच्या पोराने तेच घेतलंय." मी पोराला विचारते प्रोग्रामिंग करून बघितलंस का रे कधी, तर तो तोंड उघडायच्या आत वडीलच सांगतात, एमएस-सीआयटी झालीय की त्याची. एमएस-सीआयटी चांगलीच आहे, माझ्याच सेंटरला तिचा उपयोग रोज दिसतो, पण ती कॉम्प्युटर वापरायला शिकवते. प्रोग्राम लिहिणं हे निराळंच काम आहे.

आणि पहिल्या नंबरला काय टाकताय हे साधं नाही. पहिल्या राउंडला पहिलाच पर्याय लागला तर ती सीट ऑटो फ्रीज होते, म्हणजे तीच घ्यायची, पुढच्या राउंडला बसता येत नाही. साडूच्या पोराकडं बघून भरलेला पर्याय असा गळ्यात पडतो.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट सांगते. जवळच्या खेड्यातली एक मुलगी, सीईटी दिलेली, घरचे म्हणत होते फार्मसी कर. ती दाखल्यासाठी आली होती, सर्व्हर बंद, बसून होती. मी म्हटलं बस त्या कोपऱ्यातल्या मशीनवर, तुला पायथॉन दाखवते, प्रोग्राम लिहायची भाषा आहे ती. वडिलांनी सोयाबीन विकल्याची आडतीवरची पट्टी तिच्या पिशवीत होती, म्हटलं हाच हिशोब कॉम्प्युटरकडून करून घे. भाव ४२०० तिने प्रोग्राममध्येच लिहिला, क्विंटल किती ते विचारायची सोय केली, दोन्हीचा गुणाकार, झालं. चालवला, १२ टाकले, आणि सगळा स्क्रीन १२१२१२१२ असा भरून गेला, खाली खाली सरकतच राहिला. मी मुद्दाम काही बोलले नाही. ती बराच वेळ बघत बसली, मग म्हणली, "ताई, हे गुणाकार नाही करायलं, १२ च परत परत लिहायलंय, ४२०० वेळा." बरोबर तेच होतं! कीबोर्डवरून आलेलं पायथॉन अक्षरं म्हणून धरतं, आकडा म्हणून नाही, आणि अक्षरांना ४२०० ने गुणलं की ती ४२०० वेळा लिहितं. आकडा कसा करायचा ते मी सांगितलं, मग १२ चं बरोबर आलं. पण पट्टीवर वजन साडेबारा क्विंटल होतं, १२.५ टाकलं की परत एरर, कारण तिने पूर्ण आकडाच घेईल असं लिहिलेलं. ते तिचं तिनेच शोधून काढलं. शेवटी ५२,५०० आले, मग तिने हमाली आणि तोलाई वजा केली, पट्टीवरच्या रकमेशी ताडून बघितली. सर्व्हर कधीच सुरू झाला होता, दाखल्याची तिला आठवण करून द्यावी लागली.

त्याच मशीनवर त्याच महिन्यात दुसरा एक मुलगा बसवला होता, तिच्यापेक्षा पर्सेंटाइल जास्त. एरर आली की "तुम्हीच करून द्या ना" म्हणायचा आणि रील्स बघायचा. त्यात त्याचा दोष काहीच नाही. त्याला मशीन उघडून बघायला आवडतं, घरची मोटर तोच दुरुस्त करतो, तो इलेक्ट्रिकलला चमकला असता. आता तो कॉम्प्युटरला आहे, कारण कट-ऑफमध्ये बसत होतं. चूक कुठं झाली हे शोधण्यात तासभर डोकं घालायला आवडतं का, एवढं जरी पोराला स्वतःबद्दल कळलं तरी माझ्या मते निम्मा निर्णय झाला. ह्या धंद्यात रोजचं काम तेच आहे, आपली नाहीतर दुसऱ्याची चूक शोधणं.

शाखांच्या नावांचं पण बोलायलाच पाहिजे. कॉम्प्युटर, आयटी, एआय-एमएल, एआय-डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी, यादी दरवर्षी लांबच होतीय. २०२४ पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, चांगल्या कॉलेजांना एका शाखेत किती जागा घ्यायच्या यावरची मर्यादा काढली, त्यामुळं कॉम्प्युटरच्या जागा अजून वाढल्या. पण पहिलं वर्ष सगळ्या शाखांना जवळपास सारखंच असतं, पुढं डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टीम, डीबीएमएस (डेटाबेस), नेटवर्क हे ह्या सगळ्या शाखांत येतंच येतं, नावातला फरक खरा दिसतो तो शेवटच्या दोन वर्षांत, आणि तो शिकवायला त्या विषयाचा माणूस कॉलेजात असेल तरच. म्हणून मी पालकांना म्हणते, नावाला भुलू नका, कॉलेजला जाऊन लॅब बघा, तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या पोरांना चहाच्या टपरीवर गाठून विचारा की आठवड्यातून किती तास खरंच मशीनवर बसायला मिळतं. नांदेडचं एसजीजीएस १९८१ पासून आहे, संभाजीनगरचं शासकीय इंजिनिअरिंग १९६० पासून, तिथं साधी जुन्या नावाची शाखा मिळत असेल तर ती सोडून लांबच्या अनोळखी कॉलेजात झगमगीत नावाची शाखा घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता लातूर पॅटर्नवाल्यांसाठी एक महत्त्वाचं, कारण हे कुणी सांगतच नाही. इंजिनिअरिंगला ॲडमिशन सीईटीवर होतं, बोर्डात पीसीएमला ४५ टक्के, राखीव असेल तर ४० असले की पात्र, म्हणून पोरं बारावी बोर्डाकडं सपशेल दुर्लक्ष करतात. पण कॅम्पसला येणाऱ्या कित्येक मोठ्या कंपन्या दहावी, बारावी आणि डिग्री तिन्हीकडं ६० टक्के मागतात. सीईटीला ९२ पर्सेंटाइल आणि बारावीला ५७ टक्के असलेला पोरगा मी बघितलाय, प्रोग्रामिंग चांगलं यायचं त्याला, पण कंपनीच्या फॉर्ममध्ये टक्के टाकले की पुढचं पानच उघडायचं नाही. चार वर्षांनंतर बारावीचे मार्क कुठून वाढवायचे? क्लासवाल्यांनी हे अकरावीच्या पहिल्या दिवशी फळ्यावर लिहायला पाहिजे.

नोकरीचं चित्र पण खरं सांगावं. मोठ्या आयटी सर्व्हिस कंपन्यांत नव्या पोराला साडेतीन लाखाच्या आसपास पॅकेज दहा वर्षांपूर्वी होतं आणि आजही बहुतेकांना तेच मिळतं. हातात महिन्याला पंचवीस हजाराच्या आतबाहेर, त्यात पुण्यात कॉट बेसिसवर राहणं, मेस, हिंजवडीपर्यंतचं जाणं-येणं. पुरवणीतल्या जाहिरातीत मात्र एका पोराचं सगळ्यात मोठं पॅकेज छापतात, बाकी वर्गाचं काय झालं ते नाही. २०२१-२२ ला कंपन्यांनी पोरं भराभर उचलली, नंतर हात आखडता घेतला, ऑफर लेटर हातात असून महिनोन्महिने जॉइनिंगची वाट बघणारे पोरं मी इथं बघितलेत, घरी काय सांगावं कळंना म्हणून माझ्याच सेंटरवर येऊन बसायचे. मग असे पोरं पुण्यात शंभर टक्के प्लेसमेंटची गॅरंटी देणाऱ्या क्लासला जातात. माझ्या भाच्याने असाच एका क्लासला पैसा भरला, कोर्स झाल्यावर त्यांनी सांगितलं बायोडाट्यात दोन वर्षांचा खोटा अनुभव लिही मग इंटरव्ह्यू लावतो. त्याने नाही लिहिला, पैसेही परत मिळाले नाहीत. माझ्या बहिणीने सोयाबीनच्या पैशातून दिलेली फी होती ती, २०२५ च्या सप्टेंबरात पुराने पीक गेलं त्याच्या आदल्या वर्षाची. जे तिथं शिकवलं त्यातलं बरंचसं आयआयटीवाल्यांच्या एनपीटीईएल ह्या वेबसाइटवर फुकट शिकता येतं, परीक्षा द्यायची असेल तर फी, नुसतं शिकायला एक रुपया नाही. हे त्याला पण आधी माहीत नव्हतं.

इंजिनिअरिंग हा एकच दरवाजा पण नाही. दहावीनंतर लातूर, नांदेड, बीड, जालन्याच्या शासकीय पॉलिटेक्निकला डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि माझ्या पाहण्यातले डिप्लोमावाले हाताने काम करण्यात पुढं असतात. बीसीए करून एमसीए करता येतं, फक्त २०२४ पासून बीसीएलाही सीईटी लागलीय, कित्येक पालकांना ते तारीख उलटल्यावर कळतं. आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन बीएस डिग्री आहे, तिला जेईई लागत नाही, चार आठवडे शिकवून पात्रता परीक्षा घेतात, शिकणं घरी, परीक्षा मात्र सेंटरवर जाऊन. ज्यांना घर सोडणं जमत नाही अशा मुलींना मी ही आवर्जून सांगते.

आणि मुलींच्या बापांनो, ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखाच्या आत असेल तर, व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण ॲडमिशन कॅपमधून झालेलं पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं की माफी नाही, अभिमत किंवा खाजगी विद्यापीठाला पण नाही. हे न विचारता पुण्यात सीट बुक करून आलेले लोक मी बघितलेत आणि त्यांना फी परत मिळवायचा अर्ज टाईप करून दिलाय.

सगळे विचारतात ते एआयचं. "ताई, आता एआयच प्रोग्राम लिहायलंय म्हणे, मग आमच्या पोराचं काय?" मी त्यांना त्या १२१२१२ चं सांगते. एआय प्रोग्राम लिहून देतं, पटकन देतं, कधी बरोबर कधी चूक. ते चुकलंय हे ज्याला कळतं आणि का चुकलंय हे जो शोधतो त्याच्या हातात ते अवजार आहे. नुसती डिग्री हातात घेऊन फिरणाऱ्याला दिवस अवघड आहेत, त्यात मी कुणालाच खोटा दिलासा देत नाही.

आता मागणी. सीईटी संपते तेव्हापासून कॅप सुरू होईपर्यंत बारावीचे पोरं मोकळे असतात. त्याच वेळी शासकीय पॉलिटेक्निकच्या, इंजिनिअरिंग कॉलेजांच्या लॅबा सुट्टीमुळं बऱ्यापैकी रिकाम्या असतात. मराठवाड्यातल्या ह्या लॅबा एप्रिल ते जून सकाळच्या वेळेत बारावीच्या पोरांसाठी फुकट उघडाव्यात, प्रत्येक पोराला दोन-तीन आठवडे मशीन मिळावं, शिकवायला शेवटच्या वर्षाची पोरं बसवावीत. खेड्यातल्या पोराकडं लॅपटॉप नसतो, मोबाईलवर पायथॉन चालतं पण त्या छोट्या स्क्रीनवर किती वेळ टिकणार. तंत्रशिक्षणच्या सहसंचालक ऑफिसने एक पत्र काढलं तर एवढं होऊ शकतं, आणि ज्या कॉलेजांना जागा भरायच्यात त्यांनी तर स्वतःहून पुढं यावं.

तुमच्या पेपरकडून पण एक अपेक्षा आहे. पुरवणीत जाहिराती राहू द्या, पण सोबत मराठवाड्यातल्या प्रत्येक कॉलेजचा एक साधा तक्ता छापा: शाखेला कायमचे शिक्षक किती, लॅब आठवड्याला किती तास, शेवटच्या वर्षाच्या पोरांपैकी किती जणांना नोकरी लागली आणि त्यांचा मधला पगार (सगळे पगार ओळीने लावले तर मधोमध येणारा) किती. कॉलेजने माहिती दिली नाही तर त्या रकान्यात "माहिती दिली नाही" असं छापा. मी तो तक्ता मोठा करून सेंटरच्या दारावर लावीन, फॉर्मला येणारा प्रत्येक बाप तो वाचूनच आत येईल.

आपली,
एक वाचक, अहमदपूर, जि. लातूर