किडनीसाठी अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला मधुमेहींच्या किडनीवरचा लेख वाचला. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचा, म्हणजे ऑक्सिजनच्या मारक रूपांमुळे पेशींना होणाऱ्या इजेचा, भाग चांगला उतरला आहे. शेवटी दिलेला ‘म्हणून (ही इजा रोखणाऱ्या) अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घ्या’ हा सल्ला मात्र पटत नाही.

लेखात दिलेले कारण खरेच आहे. निरोगी किडन्या दिवसाला सुमारे 180 ग्रॅम साखर गाळतात आणि जवळपास सगळी रक्तात परत घेतात. मधुमेहात हे काम वाढते, साखर परत ओढणाऱ्या किडनीतल्या बारीक नलिकांच्या पेशींना जास्त ऑक्सिजन लागतो, त्यांच्या मायटोकॉन्ड्रियातून (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांतून) सुपरऑक्साइड हे ऑक्सिजनचे मारक रूप जास्त निघते. गाळणीवरच्या पोडोसाइट पेशी अशा माऱ्यात गेल्या की सहसा भरून निघत नाहीत, आणि अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन लघवीत उतरू लागते.

पण म्हणून गोळी घेतली की झाले, असे होत नाही. ‘होप’ चाचणीत मधुमेहींना काही वर्षे रोज 400 युनिट व्हिटॅमिन ई दिले. किडनीला फायदा दिसला नाही. बार्डोक्सोलोन हे तर शरीराची स्वतःची अँटिऑक्सिडंट यंत्रणा चेतवणारे औषध. हार्ट फेल्युअरचे प्रमाण वाढल्याने 2012 मध्ये त्याची मोठी चाचणी मध्येच थांबवावी लागली. ‘व्हिटॅमिनने काय बिघडतंय?’ म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक: 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बी-व्हिटॅमिनच्या मोठ्या डोसने मधुमेही रुग्णांच्या किडनीचे काम उलट जास्त वेगाने घटले.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. व्हिटॅमिन सी भरपूर घेणाऱ्याच्या लघवीत साखर असूनही तपासणीच्या पट्टीवर ‘निल’ (साखर नाही) येऊ शकते. शिवाय साधी पट्टी थोडेसे अल्ब्युमिन पकडतच नाही. त्यासाठी लघवीतले अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) यांचे गुणोत्तर काढावे लागते. ते 30 मिलिग्रॅम प्रतिग्रॅमच्या वर आले तर पुन्हा तपासून खात्री करतात. लोक मात्र रक्तातले क्रिएटिनिन नॉर्मल आले की निश्चिंत होतात. तोवर गाळणी बरीच झिजलेली असू शकते.

उपयोग सिद्ध झाला आहे तो साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवण्याचा, लोसार्टनसारख्या रक्तदाबाच्या औषधांचा, आणि 2019 पासून एसजीएलटी-2 रोधक या मधुमेहाच्या औषधांचा. हे रोधक नलिकांवरचे साखर ओढण्याचे ओझेच हलके करतात, म्हणजे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसच्या मुळाशी जातात. ती औषधे कोणाला द्यायची हे अर्थात डॉक्टरच ठरवतील.

पुढच्या पुरवणीत गोळ्यांचा तो सल्ला दुरुस्त करून या लघवीच्या तपासणीची माहिती ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपला,
एक लॅब तंत्रज्ञ