निधी आहे, रेंज कुठे आहे?

दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित सकल महसुलातले (म्हणजे ठरावीक वजावटी काढून उरलेल्या कमाईतले) ५ टक्के ग्रामीण सेवेसाठी घेतले जातात, तेही २००२ पासून. २०२३च्या दूरसंचार कायद्याने त्या पैशांच्या निधीचा ‘डिजिटल भारत निधी’ झाला. बरं झालं! आमच्या पाड्यावर मात्र रेशनचं पॉस मशीन अजून टेकडीवर न्यावं लागतं. अंगठा द्यायला म्हाताऱ्याकोताऱ्याही मागोमाग चढतात. ग्रामपंचायतीत भारतनेटची (याच निधीतून गावोगावी इंटरनेट नेणाऱ्या सरकारी योजनेची) पेटी भिंतीवर आहे, पण वीज गेली की बंद. केबल तुटली तर कोणाला फोन करायचा (आणि कुठून?), हे ग्रामसेवकालाही ठाऊक नाही. सुधारित भारतनेटमध्ये देखभालीची तरतूद आहे. मग बंद जोडण्यांची यादी दर महिन्याला तहसील कचेरीत लावा आणि तेवढ्या दिवसांचे पैसे ठेकेदाराच्या बिलातून कापा.

– एक वाचक, धडगाव (जि. नंदुरबार)