झडीतले ओले कपडे आणि घरकुलाची बंद खोली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत झड लागली की पूर्व विदर्भात तीन-तीन, चार-चार दिवस उघाड मिळत नाही. बांधीतून, म्हणजे धानाच्या शेतातून, परतलेल्या बाईची साडी गुडघ्यापर्यंत गाऱ्याने माखलेली असते आणि एक-दोन दिवसांत तीच पुन्हा नेसायची असते. पोरांचे गणवेश दोन, तेही आळीपाळीने ओले. अंगणातली दोरी रिकामी राहते आणि सगळे धुणे घरात येते. प्रधानमंत्री आवास योजनेतल्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २७० चौरस फूट. त्यातच चूल, झोपणे, धानाची पोती आणि माणसांच्या डोक्यावर लोंबणारे कपडे. पाऊस आत येतो म्हणून खिडक्या लावल्या जातात, वर पंखा फिरत राहतो, आणि दुसऱ्या दिवशी कपड्यांना कुबट वास येतो. मग बोल लागतो धुणाऱ्या बाईला. तिच्या धुण्यात खोट नसते. ओल्या हवेला घराबाहेर जायला वाट नसते, म्हणून हे होते.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. १० बाय १२ फुटांची, १० फूट उंच खोली घ्या. त्यात सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. २८ अंश तापमानाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २७ ग्रॅम वाफ धरते. झडीत आर्द्रता ८५ टक्के असली तर २३ ग्रॅम आधीच भरलेली असते, उरते चार ग्रॅमची जागा. म्हणजे साऱ्या खोलीतली हवा मिळून अवघे १४० मिलिलिटर पाणी घेऊ शकते, चहाच्या दोन लहान कपांएवढे. चौघांच्या घरातल्या हाताने पिळलेल्या कपड्यांत अडीच लिटर पाणी सहज असते. ते निघून जायला खोलीतली हवा किमान १८ वेळा पूर्ण बदलावी लागते. दारे-खिडक्या बंद असताना छताचा पंखा तीच भरलेली हवा गोल गोल फिरवत राहतो.

बाहेरची हवा तर आणखी ओली, ती आत घेऊन काय होणार, असे पुष्कळांना वाटते. पण स्वयंपाकामुळे आणि माणसांच्या वावरामुळे घर बाहेरपेक्षा एक-दोन अंशांनी गरम असते. बाहेर २६ अंशांवर ९० टक्के आर्द्रता असलेली हवा आत येऊन २८ अंशांची झाली की तिची आर्द्रता ८० टक्क्यांवर येते. तेवढ्यावरही कपडे वाळतात, मात्र ती हवा सतत येत-जात राहिली पाहिजे. सकाळी अकरा ते दुपारी चार ही वेळ सर्वांत चांगली. घरातल्या ओलीचा अंदाज घ्यायला मिठाकडे बघावे. शुद्ध मीठ ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की पाझरू लागते, खड्याच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्याने ते त्याआधीच ओलावते. उघड्या वाटीतले पुडीचे मीठ पाणी सोडत असेल तर खिडकी बंद ठेवून कपडे वाळण्याची आशा करू नये.

घर गरम करायला गॅस पेटवून ठेवणे हा उलटा उपाय आहे. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन त्याच खोलीत मिसळते. शेगडीवर किंवा चुलीवर कपडे टांगले तर आगीची भीती वेगळीच.

खरे काम दोरीवर घालण्याआधी होते. जे पाणी पिळून निघते, त्याला हवा लागत नाही आणि वीजही लागत नाही. गाऱ्याची साडी आधी दोनदा नुसत्या पाण्यात खळबळून घ्यावी, साबण नंतर. चिखलासकट साबण लावला की माती धाग्यात बसते आणि साबण दुप्पट जातो. पावडर मोजकीच घ्यावी. फेस निघून जाईपर्यंत खंगाळले नाही तर राहिलेला साबण ओल धरून ठेवतो आणि वासाचे जंतू त्यावर पोसतात. या कुबट वासामागे असणाऱ्या जंतूंपैकी एक मोराक्सेला ओस्लोएन्सिस. धुतल्यानंतरही कापडात टिकतो आणि कापड जितके जास्त तास ओले राहील तितका वाढतो. साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजत घातलेले कपडे म्हणूनच जास्त वास मारतात. अर्धा तास पुरे. ज्या टॉवेलला वास बसलाच आहे, तो सुती आणि पक्क्या रंगाचा असेल तर कढत पाण्यात बुडवून ठेवावा. अत्तर किंवा कम्फर्टसारखे सुवासिक द्रव घालून वास दबतो, जंतू मरत नाहीत.

मशीनचा स्पिनर असेल तर लाईन आहे तोवर पाच मिनिटे फिरवून घ्यावे. स्पिनर धडधडतो तो कपडे एका अंगाला गोळा झाल्यामुळे. ते काढून सगळीकडे सारखे दाबून बसवावेत आणि वर झाकणी ठेवावी. हाताने पिळलेल्या सुती कपड्यात जवळपास त्याच्या वजनाइतके पाणी उरते, स्पिनरमधून काढल्यावर साधारण निम्मे. स्पिनर नसेल तर कोरडा पंचा पसरून त्यावर कपडा घालावा, दोन्ही एकत्र गुंडाळून पायाने दाबावे, मग पिळावे. नंतर तासभर छपरीत निथळू द्यावे. पाणी खालच्या काठाला उतरते, तो काठ दर अर्ध्या तासाने मुठीत दाबला की पाऊण वाटी पाणी बिनखर्चाने निघते.

विदर्भात घरोघरी कूलर आहे आणि या दिवसांत तो खिडकीत रिकामा बसलेला असतो. टाकीतले पाणी पूर्ण काढावे, नाहीतर त्यात डेंग्यूचे डास होतात. पंप बंद ठेवावा. ताट्यांची चौकट आणि जाळी जागेवर ठेवून आतली खस तेवढी काढावी, म्हणजे पोरांचा हात पंख्यात जाणार नाही. आता तोच पंखा बाहेरची हवा जोराने आत ढकलेल. समोरच्या भिंतीतली खिडकी किंवा दार उघडे हवेच, नाहीतर हवा कोंडते आणि सगळी मेहनत वाया जाते. सहा तासांना साधारण एक युनिट जळते. कूलरवर थेट पाऊस येत असेल तर मात्र हे करू नये, मोटार भिजते. अर्थिंग नसलेल्या लोखंडी कूलरला तर ओल्या हाताने शिवूही नये.

कपडे पंख्यापासून चार-पाच फुटांवर असावेत. दोरीवर पसरून घालायचे असतील तर दोरी वाऱ्याच्या दिशेने बांधावी, म्हणजे कापडाच्या दोन्ही अंगांनी हवा जाते. हँगरला लावायचे असतील तर दोरी वाऱ्याला आडवी. दोन दोऱ्यांत एक फूट अंतर, भिंतीपासूनही एक फूट, नाहीतर भिंतीला ओल धरून पोपडे सुटतात. दोन कपड्यांत चार बोटे जागा सोडावी. पॅन्ट उलटी करून, खिसे बाहेर काढून लावावी. टॉवेल दोरीवर अर्धा-अर्धा टाकू नये, एक बाजू लांब ठेवावी.

आणि दोरी नायलॉनचीच असावी. बाइंडिंग तार स्वस्त पडते, पण तिचा गंज कपड्याला लागतो, आणि ते तर किरकोळ झाले. तारेचे एक टोक टिनाला किंवा लोखंडी खांबाला बांधलेले असते. मीटरकडे येणाऱ्या वायरचे कव्हर कुठे घासून निघाले असेल तर टिन, तार आणि ओली साडी यांत एकदमच करंट उतरतो. पावसाळ्यात कपडे वाळत घालताना शॉक लागून माणसे मरतात ती अशी. आज घरात अशी तार असेल तर आजच काढावी.

ज्यावर बोलले जात नाही तेही लिहितो. मासिक पाळीचे कापड गादीखाली, कपाटामागे किंवा दुसऱ्या ओल्या साडीखाली वाळवले जाते. अंधार आणि ओल, दोन्ही तिथे. असे अर्धे ओले कापड वापरले की जांघेत खाज, नायटा आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. हे कापड आधी थंड पाण्यात, मग साबणाने धुवावे आणि पंख्यासमोरची पहिली जागा त्याला द्यावी. आकाराने लहान असल्याने ते सर्वांत आधी वाळते. आडोसा हवाच असेल तर वीतभर अंतरावर पातळ ओढणी टांगावी, अंगावर टाकू नये. शेवटी दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री. ऊन पडले की उन्हात. घरातल्या पुरुषांनी त्या दोरीकडे पाहून कुरकुर करू नये, एवढी आमची कळकळीची विनंती आहे.

कपडा वाळला की नाही हे मधे हात लावून कळत नाही. शिवण, कमरपट्टी आणि खिशाचा कोपरा गालाला लावावा. गार लागला तर पाणी अजून निघते आहे. झडीत सुती कापड वाळले तरी वजनाच्या दहा-बारा टक्के ओल हवेतून धरून ठेवतेच, त्यामुळे इस्त्री न करता पेटीत घडी घालू नये.

आता घरकुलाविषयी. लाभार्थी हे घर स्वतः बांधतो, त्यामुळे यातले पुष्कळसे त्याच्याच हातात आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींत स्लॅबखाली फूटभर अंतरावर एक फूट बाय नऊ इंचांचा झरोका ठेवावा, बाहेरून लहान छज्जा, आत सिमेंटची जाळी. पाऊस आला तरी हा बंद करावा लागत नाही. पावसाळी वारा बहुतेक पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून पूर्वेला किंवा उत्तरेला चार फुटांची टिनाची छपरी काढावी आणि भिंतीत दोरीसाठी चार हुक आधीच गाडून घ्यावेत. बांधकामाचे फोटो घ्यायला टप्प्याटप्प्याने अभियंते येतातच. स्लॅब पडल्यावर भिंत फोडून झरोका कोणी काढत नाही, म्हणून काम लिंटेलला, म्हणजे दार-खिडक्यांच्या माथ्यापर्यंत, आलेले असतानाच त्यांनी घरातल्या बाईला बोलावून, दोरी कुठे बांधणार, हे विचारावे.

आपले,
धानपट्ट्यातील काही वाचक
ता. साकोली, जि. भंडारा