1097 सेव्ह केलास का?

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

हुतात्मा वेळेत पोचली, खोलीवर सामान टाकलंस, सगळं अप्पांकडून कळलं. मला काही मेसेज नाही. शनिवारी रात्री तुझ्या फोनमध्ये 1097, एड्सच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर, टाकायला घेतला, तर तू म्हणालास, "आई, मी काय तसला आहे का?" आणि ताटावरून उठलास. तेव्हा अप्पांसमोर बोलता आलं नाही, म्हणून लिहायला बसले. रागावले नाही रे.

आमच्या एचआयव्ही तपासणी केंद्रात बाकावर येऊन बसतात त्यांत कॉलेजची पोरं असतात, नुकतं लग्न झालेले असतात, चांगल्या घरच्या सुना असतात. पावसाळ्यात एक पोरगा आला, तुझ्याच वयाचा. यंत्रमागावर कामाला, मोबाईलच्या फुटक्या काचेत सुताचं तूस अडकलेलं. तोंडानं काही सांगेना. शेवटी फोन पुढे सरकवला आणि दोन बोटांनी फोटो मोठा करून दाखवला. जखमेचा. दुखत नव्हती म्हणे. नेटवर सापडलेल्या कुठल्याशा नंबरवर त्यानं तोच फोटो पाठवला होता, तिकडून मलमाचं नाव आलं, मेडिकलमधून ट्यूब आणली, जखम भरली. मग आता कशाला आलास, विचारलं, तर त्यानं तळहात उघडून दाखवले. पुरळ. रक्त तपासलं, सिफिलिस निघाला, संबंधातून लागणारा आजार. ती पहिली जखम मलम न लावताही भरतेच, आजार मात्र अंगात तसाच राहतो. पेनिसिलिनच्या इंजेक्शननं बरा होतो तो, पण त्यासाठी आधी रक्त द्यावं लागतं. नुसता फोटो पुरत नाही. जोडीदारालाही तपासणीला बोलवायचं होतं. तो निरोप त्यानं माझ्यासमोर बसून मेसेजनं पाठवला. समोरासमोर त्याची जीभ रेटली नसती. म्हणून मी फोनला नावं ठेवत नाही. फोनवर विचार, पण तिथंच थांबू नकोस, एवढंच सांगायचं होतं शनिवारी.

प्रशिक्षणात आम्हाला दोन अभ्यास सांगितले होते, माझ्या डोक्यातून जात नाहीत. केनियात एचआयव्हीच्या रुग्णांना दर आठवड्याला एकच मेसेज जायचा, 'कसं काय?' उत्तर 'ठीक' किंवा 'अडचण'. अडचण आली की नर्स स्वतः फोन करायची. ती माणसं गोळ्या जास्त नियमित घ्यायला लागली. 2010 साली ते छापून आलं. आणि गोळ्या नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली राहिला, तर संबंधातून तो दुसऱ्याला जातही नाही. ब्रिटनमध्ये मात्र असाच संबंधातून लागणारा आजार नुकता होऊन गेलेल्या, 16 ते 24 वयाच्या सहा हजारांवर मुलामुलींना घेऊन मोठा अभ्यास झाला, 2022 मध्ये निष्कर्ष आले. निम्म्यांना कंडोमबद्दल, तपासणीबद्दल मेसेजवर मेसेज. कंडोमचा वापर थोडा वाढला, पण वर्षभरात पुन्हा लागण झालेले उलट त्यांच्यातच किंचित जास्त, सुमारे 22 टक्के; बाकीच्यांत 20. तेव्हापासून मला वाटतं, मेसेजच्या पलीकडे माणूस पाहिजे.

मधूमामाच्या वेळी हातात फोन नव्हता आणि विचारायला माणूसही नव्हतं. तुला माहीत आहे सगळं, मी परत ते काढत नाही.

तर कंडोम वापरायचा, त्यात लाजायचं काही नाही. कधी तो फाटला, कधी भानच राहिलं नाही, तर 72 तासांच्या आत सरकारी दवाखाना गाठायचा. एचआयव्ही टाळायच्या गोळ्या असतात, 28 दिवस घ्यायच्या, आणि जितक्या लवकर सुरू तितकं बरं. लगेच केलेली तपासणी निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त व्हायचं नाही, तीन महिन्यांनी परत करायची. तुझ्या संमतीशिवाय ही चाचणी कुणी करू शकत नाही, नोकरी देताना कंपनीही मागू शकत नाही, 2017 चा कायदा आहे. बघ, भाषणच सुरू झालं माझं. माफ कर. दिवसभर हेच बोलते, घरी आल्यावर तोंड लगेच थांबत नाही.

तू दुसरीत होतास तेव्हा शाळा सुटल्यावर माझ्या टेबलाशी येऊन बसायचास आणि भिंतीवरची पोस्टरं जोडाक्षरांसकट खणखणीत वाचायचास. 'असुरक्षित' हा शब्द न अडखळता म्हणालास तेव्हा बाकावरची माणसं ओशाळून खाली बघायला लागली, आणि मला मात्र इतका अभिमान वाटला होता की घरी येऊन आजीला सांगितलं. त्या टेबलाशी वाढलेला मुलगा परवा ताटावरून उठला, म्हणून जास्त लागलं रे.

ताईला सांगितलंय, चिनूला नऊ पूर्ण झाली, एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर टाळायची लस देऊन टाका. आपल्या पुण्याच्या सीरमचीही आहे आता. ती "बघू" म्हणते. तू सांगितलंस तर ऐकेल.

दर रविवारी मी 'कसा आहेस' एवढंच पाठवेन. 'ठीक' लिहिलंस तरी चालेल. 'अडचण' लिहिलंस तर का, कुणाबरोबर, काही विचारणार नाही. आणि मला सांगवत नसेल तर 1097 ला सांग, पैसे पडत नाहीत, नाव सांगायची गरज नाही, रात्रीसुद्धा उचलतात.

जेवण वेळेवर करायलास ना?

तुझी,
आई

ता. क. पुण्यातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' अशी पाटी असते, तपासणी आणि औषध दोन्ही मोफत. तुझ्या खोलीपासून जवळचं कुठलं ते मी विचारून ठेवते.