चेंडू बदलला म्हणून कप फिरला?

संपादक महोदय,

विश्वचषक जवळ आला की १९३०च्या अंतिम सामन्याची एक गोष्ट हमखास छापून येते. पहिल्या हाफमध्ये अर्जेंटिनाचा चेंडू, तेव्हा अर्जेंटिना २-१ पुढे. हाफटाइमनंतर उरुग्वेचा चेंडू आणि उरुग्वे ४-२ने विजयी. म्हणजे चेंडूनेच कप फिरवला! गोष्ट चटकदार खरी, पण तिच्यामागे बेल्जियमचे पंच जॉन लांगेनस यांचे काम झाकले जाते.

सामन्याआधी दोन्ही संघ आपापल्याच चेंडूसाठी हटून बसले होते. मुळात हे भांडण कशाचे होते? त्या काळचा चेंडू चामड्याचे तुकडे हाताने शिवून केलेला. आत रबरी ब्लॅडर; तो फुगवायचा आणि तोंड चामड्याच्या वादीने आवळायचे. नियम एवढाच की घेर २७ ते २८ इंच आणि सामना सुरू होताना वजन १३ ते १५ औंस. (१९३७ साली ते १४ ते १६ झाले.) म्हणजे नियमात बसणाऱ्या दोन चेंडूंतही दोन औंसांचा, सुमारे ५७ ग्रॅमचा फरक पडू शकतो. कमी हवेचा चेंडू टप्प्यावर मरतो, टणक फुगवलेला अंगावर येतो. भिजला की जड होतो, आणि वादीचा भाग कपाळावर बसला तर कातडे सोलते. ज्याच्या पायाला जो सरावाचा, तो त्यासाठी हटून बसणारच, आणि असले भांडण तराजूवर मिटत नाही. म्हणून लांगेनस यांनी अर्धा-अर्धा वेळ वाटून दिला.

निकालाचे श्रेय चेंडूला देणाऱ्यांनी गोलांची मिनिटे पाहावीत. उरुग्वेच्या दोरादोचा १२व्या मिनिटाचा पहिला गोल अर्जेंटिनाच्याच चेंडूवर झाला. उत्तरार्धात सेआ (५७), इरियार्ते (६८) आणि कास्त्रो (८९) यांनी गोल केले, हे खरे. पण अर्जेंटिनाचा वरायो गुडघा जायबंदी होऊनही मैदानात होता. बदली खेळाडू उतरवायची मुभाच नव्हती, हे आज सहसा कोणी लक्षात घेत नाही.

पंचाची खरी कसोटी ३७व्या मिनिटाला लागली. अर्जेंटिनाच्या स्ताबिलेने संघाचा दुसरा गोल केला आणि यजमान उरुग्वेचा कप्तान नासाझी ऑफसाइड म्हणून अडून बसला. चेंडू पुढे दिला जाताना खेळाडू आणि गोलरेषा यांच्यामध्ये पुरेसे प्रतिस्पर्धी नसले तर ऑफसाइड; १९२५पासून पुढे तीनऐवजी दोनच प्रतिस्पर्धी पुरत होते. लाइनवर मदतनीस पंच म्हणून बेल्जियमचे क्रिस्तोफ आणि बोलिव्हियाचे साउसेदो. हे साउसेदो त्याच स्पर्धेत बोलिव्हियाचे प्रशिक्षकही होते! पुन्हा पाहायला चित्रण नाही, खिशात कार्ड नाही (ती १९७०मध्ये आली), आणि मोंतेविदेओचे स्टेडियम यजमानांनी भरलेले. लांगेनस यांनी गोल यजमानांविरुद्ध कायम ठेवला.

असा निर्णय शिट्टीच्या बळावर टिकत नाही, त्याची तजवीज आधी करावी लागते. त्यांनी सुरक्षेची हमी मिळाल्यावरच सामना स्वीकारला होता आणि सामना संपताच निघता यावे म्हणून बंदरात बोट तयार ठेवायला सांगितली होती. छायाचित्रात कोट, टाय आणि गुडघ्याखाली आवळलेली विजार पाहून आपण हसतो, पण बोटीची अट आधी वाचावी.

त्या चेंडूबदलाने त्यांच्या नावाला बट्टा लागला असता, तर १९३४ला इटलीत आणि १९३८ला फ्रान्समध्ये त्यांना पुन्हा बोलावले नसते. बोर्दोला ब्राझील-स्वीडन ही तिसऱ्या क्रमांकाची लढत त्यांच्याच शिट्टीवर झाली.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक, कोल्हापूर